दोन पिवळे झेंडे

सुझुका, ५ ऑक्टोबर २०१४ : एका रविवारचा घटनाक्रम, औंधातून पाहिलेला

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

औंधात दसरा होता. विधानसभेचं मतदान बारा दिवसांवर आलेलं, प्रचाराच्या गाड्या घसा फोडत गल्लीबोळातून फिरत होत्या आणि आमचे तात्या बेकार होते. तात्या माझे चुलते. खटाव-माणच्या बैलगाडी मैदानांवर त्यांनी वीस-बावीस वर्षं झेंडापंच म्हणून काढली. त्या वर्षी ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या आणि झेंडा खुंटीला लागला. घरात मी मोटारींच्या शर्यती बघायचो. आधी नाक मुरडणारे तात्या हळूहळू माझ्या शेजारी येऊन बसायला लागले. त्यांचं लक्ष मोटारीकडे नसायचंच. कडेला केशरी कपड्यात उभी असलेली माणसं ते बघायचे. "ही आपली माणसं," म्हणायचे.

शनिवार, ४ ऑक्टोबर

फानफोन नावाचं चक्रीवादळ जपानकडे सरकत होतं. ते जमिनीवर यायचं होतं सोमवारी सकाळी, पण रविवारी पाऊस आधी येणार हे सगळ्यांना माहीत होतं. सुझुकातल्या फॉर्म्युला वन शर्यतीची वेळ रविवारी दुपारी ३. सूर्य मावळणार साडेपाचच्या सुमारास. शर्यत लवकर घ्यावी अशी बोलणी झाली, वेळ मात्र बदलली नाही. याच सुझुकात २००४ साली वादळामुळे अख्खा शनिवार रद्द करून पात्रता फेरी रविवारी सकाळी घेतली होती, म्हणजे वेळापत्रक हलवता येतं हे तिथल्यांना शिकवायला नको होतं.

तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. बैलगाडीच्या मैदानाचं दुखणं तेच. सकाळी नऊचा पुकारा, पहिला गट सुटतो बाराला. गट वाढत जातात, सेमी लांबते आणि फायनल पळते ती दिवस बुडता बुडता, धुरळ्यात. निशाणावरच्या पंचाला बैलाचं तोंड दिसत नाही. "अपघात कवा हुतो? फायनललाच. समद्यांना घाई आसती."

रविवार, सकाळ

इथे थोडं थांबून कोण काय करतो ते सांगायला हवं, कारण मराठीत सगळ्यांनाच 'पंच' म्हणायची सोय असते. फॉर्म्युला वनमध्ये तीन वेगळी कामं आहेत. रेस डायरेक्टर मैदान चालवतो : शर्यत सोडायची कधी, थांबवायची कधी, सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना आपल्या मागे हळू चालायला लावणारी गाडी, रस्त्यावर आणायची का. त्या वेळी हे काम चार्ली व्हाइटिंगकडे होतं, १९९७ पासून. दुसरे स्टुअर्ड. ते झेंड्याला हात लावत नाहीत, खोलीत बसून निवाडा करतात : कोणी नियम मोडला, कोणाला किती दंड. आणि तिसरे मार्शल, वळणावळणावर चौकी करून उभे. झेंडा तेच हलवतात, अडकलेली गाडी तेच काढतात, आग लागली तर धावतात तेच. बहुतेक ठिकाणी हे लोक हौशी असतात, नोकरीतून रजा काढून येतात.

झेंड्याची भाषाही माहीत हवी. एक पिवळा : पुढे धोका आहे. दोन पिवळे एकदम हलताना दिसले की वेग चांगलाच कमी कर, कोणाला मागे टाकू नकोस, गरज पडली तर थांबायची तयारी ठेव. पुढे माणसं काम करताहेत. लाल : सगळं बंद. हिरवा : इथून पुढे मोकळं.

पिवळ्यात एक मेख आहे. वेग 'चांगलाच' कमी कर म्हणजे किती, हे त्या वेळी झेंडा सांगत नव्हता. ते ठरवायचं चालकाने. आणि चालकाला तर पाव सेकंद गमावला तरी मागचा जवळ येतो. सगळे जण पाय जरासा उचलायचे, एवढाच की नंतर स्टुअर्डांनी आकडे तपासले तर 'कमी केला होता' असं म्हणता यावं.

दुपारी ३.००

(औंधात ११.३०.) शर्यत सेफ्टी कारच्या मागे सुरू झाली. पाऊस एवढा की मागच्या गाडीला पुढची दिसेना. दोन फेऱ्या झाल्या आणि लाल झेंडा. सगळ्या गाड्या पिट लेनमध्ये येऊन उभ्या. व्हाइटिंगने त्या दिवशी थांबवायला हात आखडता घेतला असं कोणी म्हणू नये. पहिला निर्णय थांबवण्याचाच होता.

साधारण ३.२५

पुन्हा सुरुवात, पुन्हा सेफ्टी कारच्या मागे. नवव्या फेरीच्या शेवटी सेफ्टी कार पिट लेनमध्ये गेली आणि खरी शर्यत सुटली. पुढचा तासभर मोटारींच्या शौकिनाला मेजवानी होती. रस्ता जरासा वाळला, पूर्ण पावसाचे टायर काढून मधल्या जातीचे लावले गेले, २९ व्या फेरीत हॅमिल्टनने रॉसबर्गला गाठून मागे टाकलं. तात्यांनी जेवण उरकलं.

साडेचारच्या पुढे

पाऊस परत आला. उजेड उतरू लागला. चालक फेलिपे मास्सा रेडिओवरून पाणी फार झालंय म्हणून ओरडत होता, हे त्यानेच नंतर सांगितलं.

आता सातव्या वळणाकडे या. डनलॉप कर्व्ह म्हणतात त्याला : डावीकडे वळणारा लांब चढ. गाड्या एकाच रेषेतून जातात म्हणून त्या रेषेवरचं पाणी टायर उडवून टाकतात आणि भर पावसातही एक अर्धओली पट्टी तयार होते. त्या दिवशी या वळणावर कडेचं पाणी रस्त्यावर येऊन उतारावरून वाहत होतं आणि ती पट्टी एका जागी एकाएकी अरुंद झाली होती. ओहोळ म्हणावा एवढंही पाणी नाही. आम्हा दुष्काळी भागातल्या माणसांना पायाने ओलांडताना कळणारही नाही. पण दोनशेच्या वेगात टायर पाण्यावर तरंगतो, आणि तरंगणाऱ्या चाकाला ना ब्रेक कळतो ना सुकाणू.

फेरी ४२

सॉबरचा आद्रियान सुटिल नेमका तिथे घसरला आणि बाहेर जाऊन कठड्याला धडकला. स्वतः धडधाकट उतरला. चौकीवर दोन पिवळे झेंडे हलू लागले. गाडी उचलायला यंत्र आत आलं.

तात्या त्याला जेसीबी म्हणाले. जेसीबी नव्हता, पण आकार तसाच : पुढे लांब हात, मागे वजनाचा ठोकळा, साडेसहा टनांचा ऐवज. टीव्हीच्या पडद्यावर गाडी त्या हाताला लटकलेली, आजूबाजूला मार्शल, आणि पलीकडून फवारा उडवत एकेक मोटार जातेय.

तात्या उठून उभे राहिले. "आरं, जेसीबी आत घातलाय आन् गाड्या तशाच सोडल्यात? लाल का न्हाय दावत?"

मी त्यांना समजावलं. सुटिलची गाडी रस्त्यावर नाही, बाहेर आहे. दोन पिवळे आहेत. नियम तसाच आहे.

"नियम आसंल. फाटी मोकळी झाल्याबिगर आपण गट सोडतो का?" फाटी म्हणजे बैलगाड्या पळायची पट्टी.

खरं तर मोटारींच्या जगालाही हे ठाऊक होतं. ६ नोव्हेंबर १९९४ ला, याच सुझुकात, असाच पाऊस असताना, याच डनलॉपच्या वळणावर मार्टिन ब्रंडल घसरला होता. तिथे आधी निसटलेली गाडी काढायला ट्रॅक्टर उभा होता. ब्रंडल ट्रॅक्टरला थोडक्यात चुकला आणि एका मार्शलचा पाय मोडला. वीस वर्षं होत आली होती त्याला.

फेरी ४३, पावणेपाच वाजून गेल्यावर

(औंधात सव्वा वाजून गेला होता.) ज्यूल बियांकी, वय २५, मारुसियाची १७ क्रमांकाची गाडी. त्या वर्षी मोनॅकोत नववा येऊन त्याने या गरीब संघाला पहिलेवहिले गुण मिळवून दिले होते. दोन पिवळ्यांच्या टापूत तो आला आणि ज्या जागी सुटिलचा ताबा सुटला तिथेच त्याचाही सुटला. रस्ता सोडताना वेग ताशी २१३ किलोमीटर. पुढे दोनेक सेकंद. त्याने दोन्ही पाय दाबले होते, ब्रेकही आणि अॅक्सिलरेटरही. यंत्राला धडकला तेव्हा वेग १२६. सातशे किलोची गाडी साडेसहा हजार किलोच्या यंत्राच्या मागच्या बाजूखाली घुसली आणि हेल्मेट खालच्या तिरक्या भागावर आदळलं. सुटिल जवळच उभा होता.

आम्हाला यातलं काही दिसलं नाही. प्रक्षेपण करणाऱ्यांनी ते दाखवलंच नाही. सेफ्टी कार आली, वैद्यकीय गाडी निघाली, समालोचक सुटिलबद्दलच बोलत राहिला. संघाने रेडिओवरून बियांकीला हाक मारली, उत्तर आलं नाही. तात्या मात्र खाली बसले नव्हते. "कायतरी झालंय," एवढंच म्हणाले.

पाचच्या आत

लाल झेंडा, ४६ व्या फेरीत. निकाल ४४ व्या फेरीचा धरला : हॅमिल्टन, रॉसबर्ग, व्हेटल. ५३ पैकी नऊ फेऱ्या पळाल्याच नाहीत असं मानलं गेलं. तिघे मंचावर आले, शॅम्पेन उडवली नाही. बियांकीला योक्काइचीच्या रुग्णालयात रुग्णवाहिकेने नेलं; हवामानामुळे हेलिकॉप्टरने नेता आलं नाही. सूर्य मावळायला अजून अर्धा तास होता.

सोमवार, ६ ऑक्टोबर

एका प्रेक्षकाने टिपलेली चित्रफीत पसरली. तीत धडकेच्या जागेजवळच्या चौकीवर हिरवा झेंडा हलताना दिसतो. झालं, जगभर त्या मार्शलच्या नावाने शिमगा. इथे मला झेंडा धरणाऱ्यांची बाजू घेतलीच पाहिजे. हिरव्याचा अर्थ 'इथून पुढे मोकळं', चौकीच्या अलीकडचं नव्हे. धोका त्या चौकीच्या अलीकडे होता, आणि तिथे येणाऱ्या चालकाला आधीच्या चौकीवर दोन पिवळे दिसत होते. त्या माणसाने पुस्तकातलं काम पुस्तकाप्रमाणे केलं. तात्यांना चित्रफीत दाखवली तर त्यांनी ती तीनदा बघितली आणि म्हणाले, "त्येच्या हातात झेंडा दिला, थांबवायचं बळ न्हाय दिलं."

मला त्या वेळी २०११ चा ऑक्टोबर आठवला. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली ग्रां प्री, शुक्रवारचा सराव, आणि रस्त्यावर आलेलं एक भटकं कुत्रं. लाल झेंडा, सराव बंद, कुत्रं बाहेर. जग हसलं आपल्याला. सराव थांबवणं आणि शर्यत थांबवणं यांत फरक आहे हे मान्य. तरी कुत्र्यासाठी लाल आणि साडेसहा टनांच्या यंत्रासाठी पिवळा, हे गणित मला आजवर सुटलेलं नाही.

३ डिसेंबर २०१४

या अपघाताच्या चौकशीसाठी नेमलेल्या दहा जणांच्या मंडळाचा ३९६ पानांचा अहवाल मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या दोह्यातल्या बैठकीत मांडला गेला. पीटर राइट अध्यक्ष. रॉस ब्रॉन, स्टेफानो डोमेनिकाली, इमर्सन फिटिपाल्डी यांच्यासारखी मातब्बर नावं. निष्कर्ष असा, की बियांकीने पुरेसा वेग कमी केला नाही. आणि सुटिलच्या अपघातानंतर जे केलं गेलं ते नियमाला धरून होतं. मागच्या आठ वर्षांत अशा ३८४ प्रसंगांत नियमाचा जो अर्थ लावला गेला, तोच इथे लावला. सेफ्टी कार आधी का सोडली नाही, याला दोष द्यावा असं काही त्यांना दिसलं नाही.

हे ३८४ मंडळाला बचाव वाटले. मला ते आरोपपत्र वाटतं. इतक्या वेळा निभावलं म्हणून कोणी विचारलंच नाही, की चालकाने पाय किती उचलायचा हे चालकानेच का ठरवायचं?

पण त्याच अहवालाच्या शिफारशी वाचल्या की मंडळालाही हे उमगलं होतं असं वाटतं. पिवळ्याच्या टापूत वेगाला ठरलेली मर्यादा हवी. रस्त्याच्या निचऱ्याकडे बघायला हवं. आणि शर्यत सूर्यास्ताच्या किमान चार तास आधी सुटायला हवी, रात्रीच्या शर्यती सोडून. सुझुकात ते अंतर अडीच तासांचं होतं. हे शेवटचं कलम तात्यांना मी मोठ्याने वाचून दाखवलं.

२०१५

व्हर्च्युअल सेफ्टी कार नियमात आली. आता रेस डायरेक्टर कळ दाबतो आणि प्रत्येक चालकाच्या सुकाणूवर आकडा उमटतो : प्रत्येक टप्प्याला किमान एवढा वेळ लागलाच पाहिजे. त्याच्या आधी पोचलास तर दंड. मर्जीचा प्रश्न मिटला. मे महिन्यात मोनॅकोत ती पहिल्यांदा शर्यतीत वापरली.

१७ जुलैला बियांकी गेला, नऊ महिने शुद्धीवर न येता. १९९४ मध्ये चालक आयर्टन सेना गेल्यानंतर ग्रां प्रीतल्या अपघाताने गेलेला हा पहिला चालक. १७ हा आकडा कायमचा बाजूला ठेवला.

१६ डिसेंबर २०२१

सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात बैलगाडी शर्यतींना परवानगी दिली. तात्यांचे गुडघे तोवर गेले होते. तरी जवळच्या एका मैदानावर त्यांना मानाने बोलावलं. ते गेले, पंचांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि दिवस कलल्यावर फायनल उद्या सकाळी घ्या म्हणून भांडले. कोणी ऐकलं नाही. फायनल मोटारसायकलींच्या दिव्यांच्या उजेडात पळाली. निभावलं.

९ ऑक्टोबर २०२२

सुझुका, भर पाऊस. पहिल्याच फेरीत कार्लोस साइन्झ घसरून धडकला. सेफ्टी कार बाहेर असताना त्याची गाडी काढायला यंत्र रस्त्यावर आलं. मागे पडलेला पिएर गॅस्ली रांग गाठायला निघाला होता. फवाऱ्यातून त्याला यंत्र दिसलं तेव्हा तो त्याच्या शेजारून जात होता. त्या दिवशीचा रेस डायरेक्टर एदुआर्दो फ्रेतास, २०१४ च्या त्या दहा जणांतला एक. लाल झेंडा आला, आणि लाल झेंड्याखाली वेगात गेल्याबद्दल स्टुअर्डांनी गॅस्लीला २० सेकंदांचा दंड केला.