दिपोनेगोरोचा केरिस : कागदांनी पटवलेली ओळख

केरिस म्हणजे जावाचा मानाचा खंजीर. राजपुत्र दिपोनेगोरो १८२५ पासून पाच वर्षे डच सत्तेशी लढला. फेब्रुवारी १८३० मध्ये कर्नल क्लीरेन्सने त्याच्याशी बोलणी केली. २८ मार्चला मागेलांग येथे वाटाघाटींतच जनरल डी कॉकने त्याला कैद केले.

क्लीरेन्सने त्याचा केरिस १८३१ मध्ये राजा पहिला विल्यम याला अर्पण केला. १८८३ नंतर तो राजसंग्रह विखुरला, केरिस लायडनच्या संग्रहालयात गेला आणि त्याची ओळख हरवली. १९७८ मध्ये दिपोनेगोरोचे खोगीर व भाला इंडोनेशियाला परत मिळाले. केरिस मात्र सापडेना.

अखेर माग लावला तो १८३० च्या एका पत्राने. राजपुत्राने क्लीरेन्सला केरिस दिल्याची साक्ष त्यात त्याचाच सेनानी सेन्तोत देतो. त्याच पत्रावर चित्रकार रादेन सालेह याने नागाकृती पात्याचे वर्णन करून ‘क्याइ नोगो सिलुमान’ हे नाव नोंदवले आहे.

मार्च २०२० मध्ये केरिस मायदेशी परतला. पात्यावर नागाचे सबंध अंग दिसते, म्हणून ही घडण ‘नागसस्र’ असल्याचे काही जाणकार म्हणतात. त्याहून बोचरा प्रश्न निराळाच : बोलणीच्या काळात विश्वासाने दिलेली वस्तू, देणाऱ्यालाच दग्याने कैद केल्यावर, भेट उरते की लूट ठरते?