परवान्यांचा लिलाव आणि वन्यजीव संरक्षण : गोराईच्या संदर्भात ऐतिहासिक दृष्टिक्षेप

शिकारीच्या मोजक्या परवान्यांचा लिलाव करून त्या उत्पन्नातून वन्यजीवांचे रक्षण करणे, ही पद्धत पाकिस्तानातील गिलगिट-बाल्टिस्तानात रूढ आहे. तेथे मारखोर या रानबकऱ्याच्या परवान्याचा ८० टक्के पैसा स्थानिक गावांना मिळतो.

महाराष्ट्राचा इतिहास वेगळा आहे. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यपशू व वन्यपक्षी संरक्षण कायद्यात शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. १९७२ च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण अधिनियमानेही ती पद्धत राखली. १९९१ च्या दुरुस्तीने मात्र हौशी शिकारीचे परवाने संपुष्टात आणले. त्यामुळे लिलावाचा विचार उरतो तो मासेमारीपुरता.

बोरिवलीपलीकडील खाडीकाठच्या गोराईत मासेमारी हा कोळी समाजाचा परंपरागत व्यवसाय आहे. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमानुसार नौकेला परवाना लागतो. पावसाळ्यात यांत्रिक नौकांना बंदी असते. येथे सर्वाधिक बोलीचा नियम लावल्यास लहान होडीवाला प्रथम बाहेर फेकला जाईल. मारखोरच्या बाबतीत शिकारी बाहेरचा व लाभार्थी गाव असते; गोराईत मासे पकडणारा हाच गावकरी आहे.

यावरून असे स्पष्ट होते की, लिलावाचे यश बोलीच्या रकमेवर नव्हे, तर परवाना कोण विकतो व हक्क कोण गमावतो यावर अवलंबून असते. माशांच्या पिलांना आसरा देणाऱ्या कांदळवनाच्या रक्षणासाठी शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कक्ष स्थापिला. गोराईसाठी तोच मार्ग अधिक न्याय्य ठरतो.