नाव यंत्राला की जागेला? खोडदच्या दुर्बिणीपासून लिनक्सच्या नियमांपर्यंत

१/ जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या पूर्वेस खोडद येथे महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण, अर्थात जीएमआरटी, उभी आहे. तिच्या ३० अँटेनांची नावे ओळीने वाचत गेल्यास तीन ठिकाणी खंड पडलेला दिसतो. मध्यवर्ती भागात सी०६ नंतर थेट सी०८ येते. पूर्व भुजेची सुरुवातच ई०२ पासून होते. दक्षिण भुजेवर एस०४ च्या पुढे एस०६ आहे. सी०७, ई०१ आणि एस०५ या नावांची अँटेना अस्तित्वातच नाही.

२/ मध्यभागी १४, पूर्वेस ५, दक्षिणेस ५ आणि पश्चिमेस ६ असा हा ३० चा मेळ आहे. नावातील अक्षर भाग किंवा भुजा सांगते आणि अंक त्यातील स्थान. रिकामे अंक भरून काढण्यासाठी पुढच्या अँटेनांची नावे अलीकडे सरकवलेली नाहीत. नाव जागेचे आहे, मोजदादीचे नव्हे. संगणकाच्या जगाला हीच गोष्ट उमगण्यास बराच काळ लागला. त्या प्रवासाची ही हकिकत.

३/ आधी या नावांचे मोल पाहू. जीएमआरटीच्या प्रत्येक अँटेनेचा व्यास ४५ मीटर. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर. या ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीने टिपलेल्या लहरींची परस्परांशी तुलना करून आकाशाचे चित्र साकारते. ही तुलना अर्थपूर्ण ठरण्यासाठी जोडीतील दोन्ही अँटेना जमिनीवर नेमक्या कोठे आहेत, हे ठाऊक असावे लागते.

४/ समजा, दोन अँटेनांच्या नावांची अदलाबदल झाली. संकेत येतच राहतील, आकडे साठतच राहतील, धोक्याची घंटा वाजणार नाही. चित्र मात्र बिघडेल. यंत्र बंद पडले तर निदान कळते. नाव चुकले तर यंत्र निमूटपणे चुकत राहते.

५/ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रारंभी संकेतांची तुलना खास त्यासाठीच घडवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करीत असे. पुढे जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारे संगणक जोडून, त्यांवर लिनक्स चालवून तेच काम सॉफ्टवेअरकडे सोपवले. या यंत्रणेचे वर्णन करणारा त्यांचा शोधनिबंध २०१० सालचा. प्रत्येक अँटेनेकडून दोन ध्रुवीकरणांचे दोन संकेत येतात, म्हणजे एकूण ६०. संगणकांत बसवलेली कार्डे त्यांचे अंकांत रूपांतर करीत.

६/ येथे नावाचा प्रश्न शेतातून संगणकाच्या पेटीत शिरतो. एकाच कंपनीची, एकाच घडणीची अनेक उपकरणे एका यंत्रणेत असतील, तर त्यांतले कोणते कोण, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? हा प्रश्न काही एका दुर्बिणीपुरता नाही. दोन प्रिंटर किंवा दोन डिस्क असलेल्या कोणत्याही लिनक्स संगणकाला तो पडतो.

७/ लिनक्सला हा वारसा युनिक्सकडून मिळाला. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडवताना एक धाडसी सुलभीकरण केले : उपकरणसुद्धा फाइलसारखेच दिसावे. डिस्क, टर्मिनल, टेप या सर्वांना ‘डेव्ह’ नावाच्या डिरेक्टरीत एकेक नोंद मिळाली. फाइल जशी उघडावी, वाचावी, तिच्यात लिहावे, तसेच उपकरणाशी वागता येऊ लागले.

८/ पण ती नोंद म्हणजे नुसती पाटी. तिच्यामागे दोन क्रमांक असतात. ‘मेजर’ क्रमांक कोणता ड्रायव्हर हे सांगतो आणि ‘मायनर’ क्रमांक त्या ड्रायव्हरच्या हाताखालचे कितवे उपकरण हे सांगतो. जुन्या लिनक्समध्ये दोन्ही क्रमांकांना प्रत्येकी ८ बिट, म्हणजे २५६ किमती. एका स्कझी डिस्कसाठी विभागांसह १६ मायनर क्रमांक राखलेले असत. त्यामुळे एका मेजर क्रमांकात अवघ्या १६ डिस्क मावत.

९/ या पाट्या आधीच तयार करून ठेवण्याची रीत होती. उपकरण असो वा नसो, त्याचे नाव डेव्हमध्ये हजर. रेड हॅट लिनक्सच्या ९ व्या आवृत्तीत अशा नोंदी १८,००० हून अधिक होत्या. त्यांतील बहुतेकांच्या मागे कोणतेही यंत्र नव्हते.

१०/ जुन्नरकरांना हे दृश्य अनोळखी वाटू नये. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेण्यात एका भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या आणि प्रत्येकीच्या माथ्यावर ब्राह्मी लिपीत नाव कोरले होते : सिमुक सातवाहन, देवी नायनिका, श्री सातकर्णी. प्रतिमा नष्ट झाल्या, नावे राहिली. नाव वाचता येते, पण त्याखाली कोणी नाही. जुन्या डेव्ह डिरेक्टरीची अवस्था नेमकी हीच होती.

११/ दुसरी अडचण याहून गंभीर. नाव सापडण्याच्या क्रमावर ठरे. जी डिस्क कर्नलला प्रथम दिसली ती ‘एसडीए’, दुसरी ‘एसडीबी’. यंत्र उघडून एक तार इकडची तिकडे केली, किंवा एखादी डिस्क जागी होण्यास उशीर झाला, की कालची ‘बी’ आज ‘ए’ होई. जतन करायची डिस्क पुसली जाण्यास एवढे निमित्त पुरे. यूएसबी आल्यावर तर उपकरणे चालू यंत्रात येऊ-जाऊ लागली आणि क्रमाचा भरवसा पुरता संपला.

१२/ पहिला उपाय रिचर्ड गूच यांच्या ‘डेव्हएफएस’चा. २००० साली तो लिनक्सच्या मुख्य प्रवाहात दाखल झाला. जे उपकरण खरोखर आहे त्याचीच नोंद दिसावी, हा त्याचा हेतू रास्त होता. पण नावे कशी असावीत हे तो कर्नलच्या पोटातच ठरवू लागला. आक्षेप आला तो येथे. कर्नलने यंत्रणा पुरवावी. धोरण वापरणाऱ्याने ठरवावे, ही युनिक्सची जुनी शिस्त होती. शिवाय उपकरणे झपाट्याने आली-गेली की निर्माण होणारे दोषही त्यात होते. २००६ साली डेव्हएफएस कर्नलमधून काढून टाकण्यात आले.

१३/ दरम्यान ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ साली पर्याय मांडला होता : ‘यूडेव्ह’. त्याच वर्षी ओटावा येथील लिनक्स परिषदेत त्यांनी त्यावर निबंध वाचला. पुढे के सीव्हर्स यांनी त्याचा मोठा भार वाहिला. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलने यासाठी भूमी तयार केली. क्रमांकांची जागा ३२ बिटांपर्यंत वाढली आणि पॅट्रिक मोशेल यांच्या ‘सिसएफएस’मुळे प्रत्येक उपकरणाची कुंडली बाहेरून वाचता येऊ लागली.

१४/ यूडेव्हची कामाची वाटणी साधी आहे. उपकरण आले की कर्नल वर्दी देतो. यूडेव्ह ती ऐकतो, सिसएफएसमधील कुंडली पाहतो आणि साध्या मजकूर-फाइलीत लिहिलेल्या नियमांशी ती ताडून बघतो. नाव काय, मालक कोण, हात कोणी लावायचा, हे नियम ठरवतो. आणि नियम त्या यंत्राचा व्यवस्थापक लिहितो.

१५/ एक नियम म्हणजे एक ओळ. मराठीत सांगायचे तर तो असा वाचावा : ‘उपकरण टर्मिनल वर्गातले असेल आणि त्याचा अनुक्रमांक अमुक असेल, तर त्याला घड्याळ हे टोपणनाव जोड.’ यातील अटींसाठी बरोबरचे चिन्ह दोनदा लिहितात, नेमणुकीसाठी एकदा. अटीच्या जागी एकच चिन्ह पडले, तर तपासणीची नेमणूक होते आणि नियमाचा अर्थ बदलतो. टोपणनाव जोडताना बरोबरच्या आधी अधिकचे चिन्ह देतात, म्हणजे आधीची टोपणनावे पुसली जात नाहीत.

१६/ कर्नलने दिलेले मूळ नाव बहुधा तसेच राहू देतात. नियम त्याकडे बोट दाखवणारा एक स्थिर दुवा तयार करतो. मूळ नाव आज शून्य क्रमांकाचे असो की उद्या एकचे, ‘घड्याळ’ या दुव्यामागे तेच उपकरण सापडते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने दुव्यावर विसंबायचे, क्रमांकावर नाही.

१७/ फाइलींच्या नावांना आरंभी अंक देण्याचा प्रघात आहे, कारण त्या नावांच्या क्रमाने वाचल्या जातात. वितरणासोबत आलेले नियम एका डिरेक्टरीत असतात, व्यवस्थापकाचे दुसरीत. दोहोंत एकाच नावाची फाइल असेल, तर व्यवस्थापकाची ग्राह्य धरली जाते. दूरच्या निर्मात्यापेक्षा जागेवरच्या माणसाचा शब्द वरचढ, हे येथे रचनेतच बांधलेले आहे.

१८/ आता कळीचा मुद्दा : उपकरणाची ओळख कशावरून पटवायची? पहिला मार्ग अनुक्रमांकाचा. तो यंत्राच्या अंगावर असतो. ते कोठेही जोडा, ओळख तीच. पण सीएच३४० सारख्या स्वस्त सीरियल चिपला बहुधा अनुक्रमांकच नसतो. एकाच नाव-आडनावाची दोन माणसे गावात असली की जसा घोळ होतो, तसा येथे होतो.

१९/ दुसरा मार्ग जागेचा, आणि तो महाराष्ट्राच्या खेड्याला फार जुना ठाऊक आहे. निमगाव सावा येथील एखाद्या शेताचा सातबारा काढायचा, तर आधी जिल्हा पुणे, मग तालुका जुन्नर, मग गाव, मग गट क्रमांक. शेतकरी बदलला की फेरफार होतो. गट क्रमांक तसाच राहतो. मुंबई इलाख्यातील आधुनिक जमीन मोजणीचा पाया १८३६ च्या सुमारास याच पुणे जिल्ह्यातील इंदापुरात घातला गेला. तिचे मूळ तत्त्वही हेच : नोंद धारकाच्या नावाने नव्हे, जमिनीच्या क्रमांकाने.

२०/ सिसएफएसमधील पत्ता याच घाटाचा असतो : आधी पीसीआय मार्ग, मग त्यावरील यूएसबी नियंत्रक, मग हब, मग पोर्ट. नियमात हा पत्ता दिला, तर त्या पोर्टात जे बसेल त्याला ते नाव मिळते. जळालेले उपकरण काढून त्याच जागी दुसरे लावले, तरी नियम बदलावा लागत नाही. उलट कोणी नकळत तार शेजारच्या पोर्टात घातली, तर नाव हरवते.

२१/ या कुंडलीत उपकरण, त्याचा जनक, त्याचा आजा अशी वंशावळ असते. नियमात पूर्वजांचे गुण वापरता येतात, पण एका नियमातील असे सर्व गुण एकाच पूर्वजाचे असावे लागतात. निर्मात्याचा क्रमांक एका पूर्वजाकडून आणि पोर्ट दुसऱ्याकडून उचलला, तर नियम कधीच जुळत नाही आणि चूक झाल्याचे कोणी सांगतही नाही. नवशिक्यांचे कित्येक तास येथे खर्ची पडतात.

२२/ नियम केवळ बारसे करीत नाही; दार कोणाला उघडावे हेही ठरवतो. त्रास नको म्हणून सर्वांना वाचण्या-लिहिण्याची मुभा देणारा ०६६६ हा आकडा सर्रास लिहिला जातो. त्यामुळे त्या संगणकावरील प्रत्येक खाते आणि प्रत्येक प्रोग्रॅम त्या उपकरणाला हात घालू शकतो. विशिष्ट गटाला अधिकार देणे, अथवा प्रत्यक्ष यंत्रासमोर बसलेल्या वापरकर्त्यापुरता तो मर्यादित ठेवणे, हे शहाणपणाचे. तसेच नियमातून एखादा प्रोग्रॅम सुरू करता येतो, पण तो अल्पजीवी असावा. रेंगाळणाऱ्याला यूडेव्ह संपवून टाकतो.

२३/ यंत्र की जागा, या वादाचे सर्वांत ठळक उदाहरण नेटवर्क कार्डाचे. आधी यूडेव्ह कार्डाचा मॅक पत्ता टिपून त्याला ‘इथ शून्य’ हे नाव कायमचे बांधून देई. ओळख यंत्राची. पण सर्व्हरमधील बिघडलेले कार्ड बदलले की नवे कार्ड ‘इथ एक’ म्हणून उभे राही, आणि जुन्या नावावर बेतलेली सारी मांडणी कोलमडे. मालक गेला आणि त्याच्यासोबत गट क्रमांकही गेला, असा हा प्रकार.

२४/ २०१२ साली यूडेव्ह ‘सिस्टिमडी’ प्रकल्पात विलीन झाले. जानेवारी २०१३ मधील १९७ व्या आवृत्तीने रीत बदलली. नाव कार्डाच्या जागेवरून पडू लागले : पीसीआयच्या तिसऱ्या मार्गावरील शून्याव्या खाचेतील कार्ड ‘ईएनपी३एस०’. नाव ओबडधोबड झाले म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली. पण कार्ड बदलले तरी ते टिकते, आणि मध्ये एखादी खाच रिकामी असली तरी शेजारचे नाव सहसा सरकत नाही.

२५/ म्हणजे येथवर येण्यास लिनक्सला दोन दशकांहून अधिक काळ लागला. प्रथम आगमनाचा क्रम, मग यंत्राची खूण, आणि शेवटी, गरज असेल तेथे, जागा. यांतील एकच उत्तर सर्वत्र बरोबर नसते. हाती धरून फिरवायचे उपकरण अनुक्रमांकाने ओळखावे. ठरल्या जागी काम करणारे जागेवरून. केवळ आगमनाचा क्रम मात्र कोणाचीच ओळख नव्हे.

२६/ जीएमआरटीचे पुढे नूतनीकरण झाले. संकेतांची पट्टी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावली, ग्राफिक्स प्रोसेसर असलेले नवे संगणक आले, आतली बरीच यंत्रणा पालटली. अँटेनांची नावे तीच राहिली. सी०६ च्या पुढे आजही सी०८ आहे. जुन्या नोंदवहीतील सी०८ आणि आजची सी०८ ही एकच जागा आहे, म्हणून तेव्हाचे आकाश आणि आताचे आकाश शेजारी ठेवून पाहता येते.