सिल्वासाची इगर्ज आणि आगगाडीतला अनोळखी

सिल्वासा म्हटले की आपल्या गोमंतकीयांना २ ऑगस्ट १९५४ आठवतो. आझाद गोमंतक दल, सुधीर फडके, राजा वाकणकर, आणि गोव्याच्या सात वर्षे आधी मोकळा झालेला तो मुलूख. हा इतिहास आपण पाठ केलेला आहे. पण कचेरीच्या कामानिमित्त वापीला उतरून सिल्वासाला जाणे झाले, तेव्हा मी अडखळलो तो पियेदाद सायबिणीच्या इगर्जीपाशी. १९व्या शतकाच्या अखेरची ही इगर्ज आजही आपल्याच गोवा व दमण आर्चडायोसिसच्या कक्षेत येते. आत गेलो तर थेट म्हापशात असल्यासारखे वाटावे. बाहेर मात्र आजूबाजूला वारली, कोकणा, धोडिया लोकांचा मुलूख!

माझा प्रश्न साधा होता. फिरंग्यांनी हा मुलूख दीडशेहून अधिक वर्षे ताब्यात ठेवला. मग २०११च्या जनगणनेत गोव्यात ख्रिस्ती लोक शंभरात पंचवीस, आणि दादरा नगर हवेलीत जेमतेम दीड, असे का?

उत्तर अर्धे तारखांत आहे. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज धरले. त्याच्या भरपाईपोटी पेशव्यांशी तह होऊन १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगिजांकडे आली, ती वर्षाला बारा हजार रुपये महसुलाच्या हिशेबाने. (मी सरकारी कारकून. महसुलाच्या कागदाची भाषा मला चांगली ठाऊक. त्यात आत्म्याचा रकाना नसतो.) तोवर गोव्यातले ते १५६०चे दिवस सरले होते. इन्क्विझिशन १७७४ मध्ये बंद झाले होते. १७७८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले खरे, पण त्यात पूर्वीचा दम नव्हता, आणि १८१२ मध्ये ते कायमचे गेले. साष्टीत देवळे पडली, मंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळला न्यावे लागले, तसले काही इथे घडायचे कारणच उरले नव्हते. सिल्वासा १८८५ साली मुख्य ठाणे झाले, त्याआधी दरारा होते. त्यानंतर उभी राहिलेली ही इगर्ज मुख्यतः अंमलदारांची, शिपायांची आणि गोव्याहून बदलीवर आलेल्या कारकुनांची, असे मला वाटते.

म्हणजे सत्ता होती, पण धर्म माणसाकडून माणसाकडे फारसा गेला नाही. आपल्याकडे मात्र सत्तेच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडली, तीही विसरून चालणार नाही. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला, आणि १६१६ मध्ये त्याचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापले गेले. पुराण गेले, कीर्तन गेले, आता आम्ही ऐकायचे काय, ही नवख्रिस्ती माणसाची तहान त्याने ओळखली आणि ओवीतच ख्रिस्ताची कथा सांगितली. साष्टीच्या इगर्जींत लोक ती ऐकत. धाकदपटशा एकीकडे आणि ओवी दुसरीकडे, हे दोन्ही एकाच गावात चालत होते. कुणाला यातले एकच आठवायचे असेल तर त्याच्याशी माझे जमणार नाही.

पण विश्वास नुसत्या बोलण्यातून कसा जातो हे पाहायचे तर नारायण वामन टिळकांकडे जावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा हा चित्पावन कवी. राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटला. त्या काळात गोरा माणूस डब्यात शिरला की आपले लोक अंग चोरून बसत. हा मात्र आदबीने वागला. बोलणे निघाले ते काव्याचे. मग धर्माचे. उतरण्यापूर्वी त्याने बायबलचा नवा करार हातात ठेवला, वाचा आणि प्रार्थना करा म्हणाला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असेही सांगून गेला. टिळकांना तो बोल मुळीच रुचला नव्हता. पुस्तक वाचू लागले तेव्हा डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरात याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. कित्येक वर्षे ताटातूट, माहेरच्यांचा आकांत, लोकांची बोलणी. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून छापून आली. ज्यांनी वाचली नसतील त्यांनी आधी ती मिळवावीत, मग माझे लिखाण वाचावे! पुढे दोघे एकत्र आले तेव्हाही बाई आपले सोवळे सांभाळीतच राहिल्या. टिळकांनी त्यांना धर्म बदलायची घाई केली नाही. सोवळे सुटत गेले ते रोजच्या जगण्यातून, आणि १९००मध्ये बाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ज्या माणसाची वाणी हजारोंना हलवीत होती, त्याला आपल्याच स्वयंपाकघरात गप्प बसून वाट पाहावी लागली, ही गोष्ट मला त्यांच्या कवितेइतकीच मोठी वाटते.

टिळकांनी ख्रिस्ती भजने लिहिली, कीर्तने केली, वाट संतांचीच धरली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. मिशनमधल्या काहींना ते पटले नाही. दोन वर्षांनी, मे १९१९ मध्ये, टिळक गेले.

आगगाडीतल्या त्या गृहस्थाचे नाव टिळकांना शेवटपर्यंत कळले नाही.