तळटीप : कंपायलरचे पर्याय कोठे द्यावेत

* कंपायलरचे पर्याय मागाहून 'मेक'ला नव्हे, तर आधी 'कॉन्फिगर'लाच द्यावेत, हा लेखकाचा आग्रह कर्मठपणाचा वाटेल, पण त्याला आधार आहे. 1991 साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलेल्या ऑटोकॉन्फच्या पद्धतीत 'कॉन्फिगर' ही स्क्रिप्ट युनिक्सच्या नावावर फारशी विसंबत नाही. चिमुकले सी-प्रोग्राम कंपाइल करून ती यंत्रालाच विचारते आणि उत्तरे हेडर फाइलीत लिहून ठेवते. 64-बिट लिनक्सवर 'लाँग' 8 बाइटांचा अशी नोंद झाल्यावर कुणी मेकफाइलमध्ये मागाहून 32-बिटचा पर्याय घुसडला, तर कंपायलर 4 बाइटांचा 'लाँग' धरतो आणि हेडर 8 च सांगत राहते. असा प्रोग्राम पुष्कळदा बिनतक्रार तयारही होतो, ही खरी पंचाईत. 'मेक'च्या ओळीवरच पर्याय दिले तर काय बिघडले, हा आक्षेप ऑप्टिमायझेशनपुरता रास्त आहे. त्याने चाचण्यांची उत्तरे सहसा बदलत नाहीत. टाइपचा आकार किंवा लायब्ररीचा मार्ग बदलणाऱ्या पर्यायांना मात्र ही सूट नाही. एक गोष्ट लेखकाने सांगायला हवी होती : कंपायलर जीसीसी असेल आणि 'सीफ्लॅग्ज' दिलेच नाहीत, तर कॉन्फिगर स्वतःहून '-जी -ओ2' घालते. आपण त्यात काहीही लिहिले की हे दोन्ही गळतात. तेव्हा '-ओ2' हवे असल्यास तेही आठवणीने लिहावे. — संपादक