गणित न येणारे मूल ‘ढ’ नसते



“पोरगा गणितात नापास झाला, आता कामाला लावतो,” असे उद्गार आपल्या कळव्यात आजही कानी पडतात. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी यांनी हिंदी अंकांवर ग्रंथ लिहिला. हा वारसा सांगणाऱ्या समाजाने अंकांपुढे अडणाऱ्या मुलालाही समजून घेतले पाहिजे.

बुद्धी सर्वसाधारण असूनही काही मुलांना अंकांचे आकलन उपजतच कठीण जाते, हे चेकोस्लोव्हाकियातील मानसशास्त्रज्ञ लाडिस्लाव्ह कोश्च यांनी १९७४ साली सविस्तर मांडले. यास ‘डिस्कॅल्क्युलिया’ म्हणतात. यात मुलाचा आळस नाही, आईबापांचा दोषही नाही.

महाराष्ट्रात अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना १९९६ पासून शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या. जादा वेळ मिळाला. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचे अंकगणित व कार्यानुभव घेण्याची सोयही झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्कॅल्क्युलियाचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु दाखल्याशिवाय सवलत नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तपासणी होते. कळव्याहून लोकलने तेथे सहज जाता येते.

घरी पाढ्यांसाठी मारू नका. चिंचोके, सुटी नाणी हाती देऊन हिशेब करू द्या. आणि तपासणीपूर्वी मुलाचे नाव शाळेतून काढू नका, एवढीच कळकळीची विनंती.