कोळसा स्वस्त होता म्हणून…

मे महिन्यात बाजारपेठेतून चालताना एखाद्या दुकानाच्या एसीचं आउटडोअर अंगावर गरम झोत टाकतं आणि आपण वैतागतो. त्यातली बरीचशी उष्णता दुकानातूनच उचलून बाहेर टाकलेली असते. आता हेच यंत्र उलटं चालवा, बाहेरची उष्णता उचलून घरात टाका. झाला हीट पंप! 2023 मध्ये जर्मनीत घरं गरम करण्याच्या कायद्यावरून सत्ताधारी आघाडीतच जुंपली, ती मुख्यतः याच यंत्रामुळे.

बाहेर शून्य अंश असताना हवेत कसली आलीय उष्णता, असं कुणीही विचारेल. पण असते. उणे 273 अंशांच्या वर सगळीकडे थोडीफार उष्णता असतेच. द्रवरूप प्रोपेन साध्या दाबाला उणे 42 अंशांवर उकळतो, त्याला शून्य अंशाची हवा म्हणजे पेटलेली चूलच. बाहेरच्या नळ्यांत तो उकळताना हवेतली उष्णता घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो ना, तशी ती तापते. मग आतल्या नळ्यांत वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि उष्णता घराला मिळते. एक युनिट वीज जाळून साधारण तीन युनिट उष्णता. वरची दोन बाहेरच्या हवेची. थंडी कडाक्याची पडली की हा हिशेब घसरतो, हेही खरं.

ही कल्पना आजची नाही बरं का. 1852 मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी ती कागदावर मांडली. वय 28. उष्ण देशांतली घरं गार कशी करावीत यावर तेव्हा तिकडे चर्चा चालू होती. त्याच यंत्राने घर गरमही करता येईल, तेही नुसतं सरपण जाळण्यापेक्षा कमी खर्चात, हे त्यांनी गणिताने दाखवलं. पण ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक. कोण कशाला डोकं लावतंय?

1920 च्या दशकात हॉल्डेन नावाच्या इंजिनिअरने स्कॉटलंडमधल्या आपल्या घरात बाहेरच्या हवेवर चालणारा पंप बसवून दाखवला, 1930 मध्ये त्यावर निबंधही वाचला. तरी ब्रिटन ढिम्म. स्वित्झर्लंडकडे मात्र कोळसा नव्हता आणि पाण्यावरची वीज होती. झुरिचच्या जुन्या नगरभवनात 1938 मध्ये पंप बसला. तो हवेऐवजी लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घ्यायचा, आणि 2001 पर्यंत चालला.

1973 मध्ये तेल भडकलं, तेव्हा सगळ्यांना हा पंप आठवला. ऐंशीच्या दशकात तेल उतरलं, पुन्हा विसरले. काही ठिकाणी घाईघाईत वाईट बसवलेल्या पंपांनी नावही खराब केलं. 2022 मध्ये रशियाचा गॅस आटला आणि युरोपात विक्रमी विक्री झाली. पुढच्याच वर्षी ती घसरली.

मला विचाराल तर यंत्रापेक्षा दरपत्रक बघा. नॉर्वेत धरणांची वीज आहे, तिथे कडाक्याच्या थंडीतही निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहे. ब्रिटनमध्ये हिवाळा त्या मानाने सौम्य, पण विजेचं युनिट गॅसच्या जवळपास चौपट महाग. तिप्पट उष्णता मिळूनही बिल कमी होत नाही, आणि केल्विनच्या देशात अजून गॅसचे बॉयलरच जास्त आहेत.